अस्वल, अध्यक्ष आणि शंकरपाळे

शिकारीच्या क्षेत्रातली माझी कामगिरी फार मोठी नाही. लहानपणी चाळीतले ढेकूण, पुढे भाड्याच्या खोलीतली झुरळं आणि निवृत्तीनंतर एक उंदीर. तोही पिंजऱ्यात स्वतःच्या पायांनी चालत आलेला. त्याला मारण्याचा धीर होईना म्हणून मी पिंजरा पिशवीत घालून पर्वतीच्या पायथ्याशी गेलो आणि दार उघडून त्याला मुक्त केलं. तो माझ्या आधी बसने घरी पोचला, असं आमच्या सौ.चं अजून ठाम मत आहे. अशा माणसाने अस्वलाच्या शिकारीच्या इतिहासावर लिहावं हे जरा जास्तच झालं, हे मला कळतं. पण दोष माझा नाही. निम्मा माझ्या नातीचा आणि निम्मा अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचा.

अस्वल या प्राण्याशी माझा परिचय मात्र जुना. आमच्या गल्लीत वर्षातून एकदा तरी दरवेशी यायचा. डमरू वाजला की आम्ही पोरं हातातलं टाकून धावत सुटायचो. अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं आणि ओट्यावरच्या बायकामंडळींकडे बघून मान डोलवायचं. आजी दरवेशाला सूपभर जोंधळे घालायची आणि अस्वलाचा एक केस मागून घ्यायची. तो केस ताइतात घालून तिने माझ्या गळ्यात बांधला होता, पोर रात्री दचकू नये म्हणून. "आजी, केस काढताना त्याला दुखत नाही का गं?" मी विचारलं होतं. "छे रे! गळालेला असतो तो," आजी म्हणाली. अस्वलाच्या नाकातून आरपार ओवलेली दोरी मला दिसत होती, तरी मी आजीवर विश्वास ठेवला. त्या वयात डोळ्यांपेक्षा आजी मोठी असते.

तर काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे डेन्व्हरला गेलो होतो. डेन्व्हर म्हणजे कोलोरॅडो राज्याची राजधानी. एका शनिवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, ग्लेनवूड स्प्रिंग्जला जाऊ. गरम पाण्याचे झरे आहेत, डोंगर आहेत, तीन तासांत पोचू."

"वज्रेश्वरीसारखं का?" सौ.नी विचारलं.

"तसंच. फक्त तिकीट आहे," जावईबापू म्हणाले. जावई सांगलीचे. थोडक्यात बोलतात आणि मोठ्या गाड्या हाकतात.

ग्लेनवूडला हॉटेल कोलोरॅडो नावाची एक भव्य जुनी वास्तू आहे. १८९३ साली उघडलेली. तिथल्या खोल्यांचे दर ऐकल्यावर आम्ही गावाबाहेरचं एक लहानसं घर दोन दिवसांसाठी घेतलं. पण दिवाणखाना बघायला पैसे पडत नाहीत, असा शोध जावयांनी लावला आणि आम्ही सहकुटुंब आत शिरलो. तिथे एका मिशाळ, चष्मिष्ट गृहस्थाचं कौतुक मांडलेलं. हे थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष. १९०५च्या वसंतात ते या बाजूला अस्वलाच्या शिकारीला आले होते. हॉटेलात चालत आलेली गोष्ट अशी, की एकदा ते दिवसभर हिंडून रिकाम्या हाताने परतले, तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून हॉटेलातल्या मोलकरणींनी चिंध्या जोडून एक अस्वल शिवून दिलं. तोच जगातला पहिला टेडी बेअर! टेडी हे रूझवेल्टचं लाडकं नाव. लाडकं म्हणजे लोकांचं लाडकं. स्वतः त्या गृहस्थाला ते बिलकूल आवडत नसे.

गोष्ट ऐकल्याबरोबर सात वर्षांच्या आमच्या नातीला टेडी बेअर हवासा वाटला, हे सांगायला नको. तो घेतला. किती डॉलरला, हे मी सौ.ना रुपयांत सांगितलं नाही. नात त्याला छातीशी धरून म्हणाली, "आजोबा, म्हणजे त्या प्रेसिडेंटने एकपण अस्वल मारलं नाही ना? तू सांग." (आमची नात जगात सर्वांना 'तू' म्हणते. भटजींनासुद्धा.)

मी नुसतं "हं" म्हटलं.

आता घोटाळा असा, की मी आयुष्यभर हिशेबतपासणीच्या खात्यात नोकरी केली. दोन कागदांवरच्या तारखा जुळल्या नाहीत की माझ्या पोटात गोळा येतो. टेडी बेअर १९०३पासून दुकानांत विकायला होता, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मग तो १९०५ साली जन्माला कसा येईल? डेन्व्हरला परतेपर्यंतही मला दम धरवेना. लेकीने गावातल्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तकं आणून दिली आणि रात्री सगळे झोपल्यावर मी व्हाउचर तपासायला बसलो.

पहिलं व्हाउचर १९०२च्या नोव्हेंबरातलं आणि कोलोरॅडोतलं नव्हेच, दूर दक्षिणेतल्या मिसिसिपीतलं. तिथे शिकारीचा प्रमुख होता होल्ट कॉलियर नावाचा कृष्णवर्णी वाटाड्या, जन्माने गुलाम आणि अस्वलांच्या बाबतीत त्या मुलखातला सर्वांत जाणता माणूस. कुत्र्यांनी एक अस्वल गाठलं. अध्यक्षमहाराज तेव्हा जागेवर नव्हते. अस्वलाने एका कुत्र्याला धरलं, म्हणून कॉलियरने बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या डोक्यात घाव घातला आणि त्याला झाडाला बांधून अध्यक्षांना निरोप धाडला. रूझवेल्ट आले, बांधलेलं जनावर पाहिलं आणि म्हणाले, मी याला मारणार नाही. इथवर गोष्ट जगाला ठाऊक आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमनने १६ नोव्हेंबरला तिच्यावर व्यंगचित्र काढलं. ते इतकं गाजलं, की त्याने पुढेही ते अस्वल काढलं आणि दर खेपेला ते लहान-लहान, गोल-गोल होत गेलं. शेवटी एक भेदरलेलं पिल्लूच राहिलं. ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिक्टम नावाच्या मिठाईवाल्याने आणि त्याच्या बायकोने त्या चित्रावरून खेळणं शिवलं आणि दुकानाच्या काचेत ठेवलं. झालं टेडी बेअर!

पण पुढची ओळ कुठल्याच खेळण्याच्या पाकिटावर छापलेली नसते. मूळ अस्वल पिल्लू नव्हतं, शंभर किलोंहून जास्त वजनाचं थोराड जनावर होतं. फटक्याने ते अर्धमेलं झालं होतं. रूझवेल्टनी स्वतः गोळी घातली नाही, पण त्याला यातनांतून सोडवा असं सांगितलं, आणि ते सुरीने मारण्यात आलं. व्हाउचरवर सही बरोबर होती. रक्कम मात्र कुणीतरी खोडली होती.

दुसरं व्हाउचर १९०५चं, आणि ते खास ग्लेनवूडचं. मार्चमध्ये रूझवेल्ट नव्याने निवडून येऊन गादीवर बसले आणि एप्रिलमध्ये रजेवर निघाले. कामाचं काय? तर टाफ्ट नावाचे त्यांचे युद्धमंत्री होते. वजन एकशे पस्तीस किलोंच्या वर. त्यांना झाकणावर बसवून आलोय, असं रूझवेल्ट म्हणाले. आमच्या खात्यात साहेब रजेवर जाताना हेच करायचे, फक्त झाकणावर बसणाऱ्याचं वजन पन्नास किलो होतं. ते म्हणजे मी.

वाटेत ओक्लाहोमात त्यांनी कोयोटे धरले. तिथे ॲबरनॅथी नावाचा एक वल्ली होता. तो लांडग्या-कोयोट्यांच्या जबड्यात हात घालून त्यांना जिवंत पकडायचा. अध्यक्षमहाराज हे बघून लहान मुलासारखे खूश. मग १५ एप्रिलला गाडी ग्लेनवूडजवळच्या न्यू कॅसल स्टेशनात आली आणि मंडळी घोड्यांवर बसून डिव्हाइड क्रीकच्या डोंगरांत शिरली. सोबत लॅम्बर्ट नावाचे डॉक्टर, स्टुअर्ट नावाचे एक मित्र आणि जॉन गॉफ व जेक बोरा हे दोघे नामांकित वाटाडे, आपापल्या कुत्र्यांच्या ताफ्यांसह. अध्यक्षांचे चिटणीस हॉटेल कोलोरॅडोत कचेरी थाटून बसले. तारा यायच्या हॉटेलात आणि घोडेस्वार त्या तळावर पोचवायचा. म्हणजे त्या तीन आठवड्यांत अमेरिकेची राजधानी म्हणजे बर्फात ठोकलेला एक तंबू होता.

बर्फ म्हणजे नुसता बर्फ! आपला वसंत म्हणजे कोकिळा आणि आम्रमंजरी. तिथला वसंत म्हणजे वर बर्फ, खाली चिखल आणि मध्ये घोडा. त्यात रूझवेल्टना क्यूबाच्या लढाईत जडलेल्या जुन्या हिवतापाने गाठलं. काही दिवस ते तंबूत पडून राहिले. बरे झाले की पुन्हा घोड्यावर. कुत्री माग काढणार, अस्वल झाडावर चढणार, मंडळी उरी फुटून डोंगर चढणार आणि खालून गोळी घालणार. असं करून सगळ्यांनी मिळून दहाएक अस्वलं मारली. कुणा मोलकरणीने चिंध्या शिवून समजूत घालावी असा हा हिशेब नव्हता.

या सगळ्यात स्किप नावाचं एक बारकं कुत्रं होतं. बाकीची कुत्री उंच, तगडी आणि हे हातभर. बर्फात ते बुडायचं, म्हणून रूझवेल्ट त्याला आपल्या खोगिरावर पुढे बसवायचे. आणि या सफरीतली उलाढाल फक्त अस्वलांची नव्हती. तेव्हा रशिया आणि जपान यांची लढाई जुंपली होती. तुम्ही मध्ये पडाल का, असा जपानचा सूर तारांतून ऐकू येऊ लागला. रूझवेल्टनी शिकार आवरती घेतली आणि मेच्या सुरुवातीला ते परत फिरले. सप्टेंबरात तह झाला आणि १९०६ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. अस्वलांचं मत कुणी विचारलं नाही.

आता मला प्रश्न पडला तो वसंताचा. शिकार करायची तर इतक्या चिखलात का? पुस्तकात उत्तर होतं. पाच-सहा महिने बिळात झोपून अस्वल बाहेर येतं तेव्हा त्याचे केस दाट आणि लांब असतात, उन्हाळ्यात ते झडतात. कातडं हवं तर वसंतातच. पण याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. अस्वलाची पिल्लं जानेवारीच्या सुमाराला बिळातच जन्मतात, जन्मतः अर्ध्या किलोचीही नसतात. नर आधी बाहेर पडतात, लेकुरवाळ्या माद्या सगळ्यांत उशिरा. आई पिल्लांना झाडावर चढवून ठेवते आणि स्वतः चरायला जाते. पिल्लांसोबतच्या मादीला मारू नये असे नियम ठिकठिकाणी असतात. पण पिल्लं झाडावर आणि आई चार खेतं पलीकडे, तर दुर्बिणीतून शिकाऱ्याला कळणार काय? आई गेली की झाडावरची पिल्लंही जातात. ती ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेरच्या अंधाराकडे बघत बसलो.

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस दुष्ट होता. तसं म्हणून सुटका होत नाही, हीच तर पंचाईत आहे. याच माणसाने त्याच १९०५च्या फेब्रुवारीत राखीव जंगलं जमिनी वाटणाऱ्या खात्याकडून काढून वनवाल्यांकडे देणाऱ्या कायद्यावर सही केली होती. आपल्या कारकिर्दीत त्याने सुमारे २३ कोटी एकर जमीन राखून ठेवली. अख्ख्या महाराष्ट्राच्या तिप्पट! कोलोरॅडोतले गुरंवाले त्यावर जाम चिडले होते. आजही त्या राज्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सर्वांची आहे. डिव्हाइड क्रीकच्या वरचा डोंगराळ मुलूख बराचसा व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात मोडतो. आपल्याकडे गायरान असतं ना, तसंच. फरक इतकाच, की तिथे परवाना काढून कुणीही सोम्यागोम्या हंगामात शिकार करू शकतो. आपल्याकडे शिकार हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबलोकांचा खेळ. रयतेने फक्त हाकारे घालायचे. १९७२च्या कायद्याने तो थांबला. तिथे मात्र न्हाव्यालाही अध्यक्षाइतकाच हक्क. मला हे आवडलं, हे कबूल करतो.

अर्थात 'सर्वांची जमीन' म्हणताना हिशेबनीस मागचं पान उलटतो. ते डोंगर आणि ते गरम झरे युट लोकांचे होते आणि १८८१ साली त्यांना तिथून हुसकावून दिलं गेलं. गायरान झालं खरं. पण गावकरी बदलल्यावर.

तिसरं व्हाउचर मात्र मला अगदी अनपेक्षित होतं. रूझवेल्टच्या सफरीनंतर सत्याऐंशी वर्षांनी, १९९२च्या नोव्हेंबरात, कोलोरॅडोच्या मतदारांपुढे थेट प्रश्न ठेवला गेला: वसंतातली अस्वलाची शिकार बंद करावी का? आणि आमिष लावून किंवा कुत्री सोडून केलेली शिकार बाराही महिने बंद करावी का? वन्यजीव खात्याचे वरिष्ठ वसंताचा हंगाम संपूर्ण बंद करायला तयार नव्हते. त्याच खात्यात अस्वलांच्या अभ्यासात वर्षं घालवलेला टॉम बेक नावाचा शास्त्रज्ञ मात्र उघडपणे दुसऱ्या बाजूला उभा राहिला. शिकाऱ्यांचं म्हणणं, शहरातल्या गाद्यांवर टेडी बेअर घेऊन झोपणाऱ्यांना रानातलं काय कळतं? शिवाय वन्यजीव खातं चालतं ते बऱ्याच अंशी आमच्या परवान्यांच्या पैशांवर. हे दुसरं म्हणणं खरंच आहे. पण मतं मोजली तेव्हा दहातले सात जण बंदीच्या बाजूचे निघाले.

म्हणजे गंमत बघा. वसंत, डोंगर आणि कुत्री, १९०५ साली ग्लेनवूडजवळ जे झालं नेमकं तेच बेकायदा ठरलं. आणि ते ठरवणाऱ्या लाखो माणसांनी अस्वलाबद्दलची पहिली माया कशावर केली असेल? रूझवेल्टच्या नावाच्या खेळण्यावर! शिकार संपली असं मात्र नाही. कोलोरॅडोत ती सप्टेंबरापासून होते. शेजारच्या वायोमिंगमध्ये, मोंटानात, आयडाहोत वसंताचा हंगाम अजून आहे. मोंटानात तर काळं अस्वल कोणतं आणि संरक्षित ग्रिझली कोणतं, हे ओळखण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२२ साली हौशी शिकाऱ्यांसाठीचा वसंताचा हंगाम बंद केला.

एवढं होईतो साडेअकरा वाजले. मागे वळून बघतो तो दारात नात उभी. बगलेत टेडी.

"आजोबा, तू काय वाचतो? ती अस्वलाची गोष्ट? मग सांग ना, ते जे झाडाला बांधलं होतं, त्याला सोडलं ना शेवटी?"

ही मिसिसिपीची गोष्ट हिला शाळेत सांगितली होती म्हणे. शेवटच्या ओळीशिवाय. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. "सोडलं ना! पळून गेलं रानात." सत्तर वर्षांपूर्वीच्या ओट्यावरून आजी म्हणत होती, "छे रे, गळालेला असतो तो."

"नाही सोडलं," मी म्हणालो. "त्याला फार लागलं होतं. मग दुसऱ्या माणसाने मारलं."

ती काही बोलली नाही. माझ्या शेजारी खुर्चीत चढून बसली. टेडीच्या गळ्यात दुकानदाराने लाल फीत बांधली होती, तिची गाठ ती सोडवू लागली. गाठ पक्की होती. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "मी करते." बऱ्याच वेळाने फीत सुटली. मग तिने विचारलं, "आणि इथली?"

"इथली पण मारली. दहा."

"त्याला कुणी रागावलं नाही?"

"तेव्हा नाही रागावलं कुणी. खूप वर्षांनी रागावले. मग कायदा केला."

"आणि कुत्र्यांना?"

मी घाईघाईने स्किपची गोष्ट सांगितली. खोगिरावर कसा बसायचा, मग अध्यक्षांनी त्याला गाडीतून थेट व्हाइट हाउसमध्ये कसा नेला आणि आर्ची नावाच्या आपल्या मुलाला कसा दिला. हे सगळं खरं होतं, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. तिला वाटलं की नाही, कोण जाणे.

इतक्यात बाहेर धाडकन आवाज झाला. कचऱ्याच्या डब्याचा. जावईबापू लुंगीवर बाहेर आले आणि कुजबुजले, "बाबा, गाडीत खायचं काही राहिलंय का? इथली अस्वलं दारं उघडतात. गाडीची."

"काही नाही," मी म्हणालो.

आतून सौ.चा आवाज आला. "शंकरपाळ्यांचा डबा आहे पुढच्या सीटखाली. साजूक तुपातले आहेत."

तुम्हांला सांगतो, रूझवेल्टसाहेबांनी काय ते डोंगर चढले असतील! मी आणि जावई, दोन विजेऱ्या, एक केरसुणी आणि एक पातेलं वाजवायला. घर ते गाडी बारा पावलं. ती आम्ही चार मिनिटांत काटली. हवा बर्फासारखी गार. डब्याच्या बाजूला काहीतरी मोठं, काळं हललं, फुसफुसलं आणि शांतपणे, अगदी आपल्याच जमिनीवरून चालल्यासारखं, झाडीकडे निघून गेलं. जावयांनी पातेलं वाजवलं ते त्यानंतर. मी डबा काढला, पोटाशी धरला आणि उलट्या पावली घरात आलो.

सगळे जागे झाले होते. सौ.नी आधी डबा तपासला, मग मला. नात खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती.

"दिसलं?"

"दिसलं."

"मोठं होतं? मग ती आई असेल," ती म्हणाली. "आजोबा, तिची पिल्लं कुठल्या झाडावर आहेत?"

आम्ही दिवा मालवला आणि दोघं बराच वेळ झाडांकडे बघत बसलो. मधून मधून शंकरपाळे खात.